पाच फूट आठ इंच उंची आणि सात किलोमीटरची धाव: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकन फुटबॉलमधल्या डॅनी वुडहेडबद्दल चार ओळी टाकल्या होत्या, की बुटका म्हणून मोठ्या कॉलेजनं घेतलं नाही आणि छोट्या कॉलेजात जाऊन त्यानं धावण्याचं रेकॉर्ड केलं. जागा उरली होती म्हणून टाकल्या होत्या खरं तर, पण त्यावर एवढे मेसेज आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. क्रिकेटवाल्यांनी रुसू नये, पुढच्या महिन्यात तुमचाच नंबर आहे.

दादा, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण मोबाईलवर क्लिप येतात त्यात एखादा बुटका गडी पाच-सहा धिप्पाड माणसांमधून सटकन निघून जातो. हा रनिंग बॅक नक्की करतो काय? आणि त्या राक्षसांमध्ये बुटका माणूस टिकतो कसा? आमच्या कबड्डीतल्या रेडरसारखं समजू का? – एक कबड्डीवाला, सातारा

समजा, बिनधास्त समजा, अर्धं तरी बरोबर बसतं. आधी खेळ दोन वाक्यांत सांगतो. मैदान शंभर यार्डांचं, तुमच्या टीमला चार प्रयत्न मिळतात आणि त्यात दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की परत चार प्रयत्न, नाही सरकलात तर बॉल समोरच्यांना. प्रत्येक प्रयत्नाला एक डाउन म्हणतात. क्वार्टरबॅक बॉल घेतो, मग एकतर तो लांब फेकतो नाहीतर मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या पोटात कोंबतो, आणि त्यानं तो घेऊन माणसांच्या भिंतीत घुसायचं.

रेडरशी फरक इथेच पडतो. रेडर एकटा जातो, रनिंग बॅकच्या पुढे त्याचेच पाच लाइनमन असतात, एकेक गडी १३५-१४० किलोचा, ते समोरच्यांना ढकलत असतात आणि त्या ढकलाढकलीत कुठेतरी एक फट पडते, ती अर्धा सेकंद राहते आणि बंद होते. कुठली फट उघडणार हे आधी ठरलेलं असतं पण ऐनवेळी दुसरीकडेच उघडते, म्हणून चांगला रनिंग बॅक बॉल हातात आल्यावर लगेच सुसाट सुटत नाही, एखादं पाऊल दम धरतो, बघतो आणि मग सुटतो. हे ज्याला जमलं त्याला जमलं, बाकीचे आपल्याच लाइनमनच्या पाठीवर जाऊन आदळतात. दुसरं म्हणजे कबड्डीत वजनाची मर्यादा असते, इथे तसलं काही नाही, समोर कितीही मोठा गडी येऊ दे.

आता बुटकेपणाचं. पाच लाइनमन सगळे सहा-सव्वासहा फुटांचे, त्यांच्यामागे पाच फूट आठ इंचांचा माणूस उभा राहिला की पलीकडच्या लाइनबॅकरला, म्हणजे समोरच्या टीमच्या दुसऱ्या रांगेतल्या बचाववाल्याला, तो दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत तो तीन यार्ड पुढे आलेला असतो. त्याला धरायचं तर मोठ्या माणसाला वाकावं लागतं आणि वाकून धावणं अवघड, वाकून दिशा बदलणं तर त्याहून अवघड. बुटक्याचं वजन जमिनीजवळ, पावलं छोटी, त्यामुळे तो डावीकडे जाता जाता उजवीकडे वळतो तेव्हा तोल जात नाही. तिथले कोच पोरांना पहिल्या दिवसापासून सांगतात की दोघांच्या टकरीत जो खाली असतो तो जिंकतो. बुटका पोरगा उभा असतानाच खाली असतो.

फक्त एक गैरसमज काढून टाका, बुटका म्हणजे काडी पैलवान नाही. वुडहेडची उंची १७३ सेंटिमीटर आणि वजन ९० किलो. मांड्या बघितल्यात तर कळेल तो धक्के कसे खायचा ते.

आम्ही ओमाहात राहतो, नेब्रास्का राज्यात. इथले शेजारी अजून वुडहेडचं नाव घेतात आणि नेब्रास्का युनिव्हर्सिटीनं त्याला कसा सोडला म्हणून हळहळतात. पूर्ण स्टोरी सांगाल का? मिस्टरांशी पैज लागलीय, ते म्हणतात पोरगं मुळात साधारणच होतं, नशीब निघालं. – एक वाचक, ओमाहा

वहिनी, पैज तुम्ही जिंकलात, मिस्टरांना सांगा. पण गोष्ट जरा लांब आहे.

पोरगा तुमच्याच राज्यातला, नॉर्थ प्लॅटचा, जिथे युनियन पॅसिफिकचं ते जगातलं सगळ्यात मोठं रेल्वे यार्ड आहे. जन्म १९८५ चा. हायस्कूलात त्यानं धावून धावून राज्य गाजवलं होतं, म्हणजे कोणाला माहीत नव्हता असं अजिबात नाही. नेब्रास्कात एनएफएलची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगची, टीम नाही, त्यामुळे लोकांचा सगळा जीव लिंकनच्या युनिव्हर्सिटी टीमवर, १९६२ पासून त्यांच्या स्टेडियमात होम मॅच हाऊसफुल्ल असते हे तुम्ही तिथे राहून बघतच असाल. अशा राज्यात वाढलेल्या पोराचं स्वप्न काय असणार ते सांगायलाच नको. तर त्याच्या शेवटच्या वर्षाला, २००३ च्या शेवटी, लिंकनला जुने कोच फ्रँक सोलिच यांना काढलं आणि २००४ च्या जानेवारीत बिल कॅलाहन आले, ते एनएफएलमधून आलेले, त्यांना धावण्यापेक्षा पासिंगचा खेळ आणायचा होता. स्कॉलरशिप काही मिळाली नाही. आता कोच बदलला नसता तर मिळाली असती का, यावर तुमचे शेजारी रात्रभर बोलू शकतात, मला विचाराल तर तेव्हाही मिळाली नसती, कारण मोठ्या कॉलेजांना देशभरातून सहा फुटी पोरं निवडायला मिळतात, पाच फूट आठवर जोखीम कोण घेतो.

मग तो गेला चॅड्रन स्टेटला. राज्याच्या पार वायव्य कोपऱ्यात, साउथ डकोटाच्या सीमेजवळ, पाच-सहा हजार वस्तीचं गाव, डिव्हिजन टूचं, म्हणजे कॉलेज खेळातल्या दुसऱ्या पायरीचं कॉलेज. तिथे त्याचा मोठा भाऊ बेन आधीपासून खेळत होता. या कॉलेजाचं नाव फुटबॉलवाल्यांना एका जुन्या माणसामुळे ठाऊक होतं, डॉन बीबी. १९९३ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या फायनलमध्ये, त्याची टीम बफेलो पार हरलेली असताना, डॅलसचा लिऑन लेट बॉल घेऊन आरामात, हात बाहेर काढून मिरवत पळत होता, तेव्हा हा बीबी मागून जीव खाऊन धावत आला आणि शेवटच्या रेषेच्या जेमतेम अलीकडे त्याच्या हातातला बॉल उडवला. मॅच ५२-१७ नं गेलीच, पण ती धाव लोक अजून दाखवतात. चॅड्रनच्या मैदानाला आता त्याचंच नाव आहे.

तर वुडहेड. पहिल्याच वर्षी, २००४ ला, १,८४० यार्ड. मग १,७६९. मग २००६ ला २,७५६, जे तेव्हा कुठल्याही डिव्हिजनमधलं एका सीझनचं सगळ्यात मोठं रेकॉर्ड होतं. शेवटच्या वर्षी १,५९७. बेरीज ७,९६२, हेही तेव्हाचं सगळ्या डिव्हिजनमधलं रेकॉर्ड. आपल्या मापात सांगायचं तर सव्वासात किलोमीटरच्या वर, आणि ते सगळं अंतर कोणीतरी पाडायला टपलेलं असताना कापलेलं. २००६ आणि २००७, लागोपाठ दोनदा हार्लन हिल ट्रॉफी मिळाली, ती डिव्हिजन टूच्या सर्वोत्तम खेळाडूला देतात. तो हार्लन हिलसुद्धा अलाबामातल्या एका छोट्या शिक्षक कॉलेजातून शिकागो बेअर्सकडे गेलेला माणूस. आणि वुडहेडचा अभ्यास काय चालू होता, तर गणिताचा शिक्षक व्हायचा.

एवढं करूनही २००८ च्या एनएफएल कम्बाइनला, म्हणजे नव्या पोरांची मापं आणि वेळा घेतात त्या मेळाव्याला, त्याला बोलावलंच नाही. स्वतंत्र चाचणीत तो ४० यार्ड ४.४ सेकंदांच्या आत धावला, तरी ड्राफ्टच्या, म्हणजे टीम आळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्याच्या, सातही फेऱ्यांत नाव आलं नाही. न्यूयॉर्क जेट्सनं ड्राफ्टबाहेरून उचलला आणि पहिल्याच कॅम्पात गुडघ्याचं लिगामेंट गेलं, अख्खं वर्ष बाहेर. २००९ ला थोडंफार खेळायला मिळालं, कधी रनिंग बॅक तर कधी पास झेलणारा रिसीव्हर म्हणून. २०१० ला सीझनची पहिली मॅच झाली आणि दुसऱ्या दिवशी जेट्सनं त्याला काढून टाकला.

इथून खरी मजा आहे. चारच दिवसांत त्यांचे कट्टर दुश्मन न्यू इंग्लंड पेट्रियट्स त्याला घेऊन गेले. सगळे म्हणाले, जेट्सशी मॅच आहे, आतल्या खबरा काढायला घेतलाय, आठवड्यानं सोडून देतील. त्याच मॅचमध्ये पेट्रियट्सच्या केव्हिन फॉकचा गुडघा गेला, आणि फॉकचं काम काय होतं, तर बॅकफिल्डमधून, म्हणजे लाइनमनच्या मागून, निघून पास झेलणं आणि क्वार्टरबॅकला वाचवणं. पुढच्या रविवारी बफेलोविरुद्ध वुडहेड मैदानात उतरला आणि २२ यार्ड धावून टचडाउन करून, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन आला. त्या सीझनला ९७ वेळा धावून ५४७ यार्ड, वर ३४ कॅच. डिसेंबरात जेट्स परत समोर आले तेव्हा ४५-३ नं धुतले गेले आणि त्यात वुडहेडनं नुसत्या झेलांवर शंभरच्या वर यार्ड काढले.

फॉकचा गुडघा गेला हे नशीब, मिस्टरांचा मुद्दा तेवढा मान्य. पण नव्या टीमचं अख्खं प्लेबुक, म्हणजे ठरलेल्या चालींची वही, आठवड्यात डोक्यात बसवून त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीशेजारी उभं राहायचं हे नशिबानं होत नाही हो.

मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, स्पोर्ट्स डेटाचं वेड आहे. डिव्हिजन टू म्हणजे शेवटी खालची लेव्हल, समोरचे डिफेन्स पण तसेच. मग ७,९६२ या आकड्याला किती भाव द्यायचा? – डेटावाला, पुणे

मित्रा, तुझी शंका रास्त आहे आणि तिथले स्काउटही हेच म्हणत होते. मी तर तुला अजून दारूगोळा देतो. बॅरी सँडर्सनं १९८८ ला ओक्लाहोमा स्टेटकडून, म्हणजे वरच्या डिव्हिजनमध्ये, ११ मॅचमध्ये २,६२८ यार्ड काढले. त्यानंतरच्या बोल गेममध्ये, म्हणजे सीझन संपल्यावरच्या खास मॅचमध्ये, २२२ काढले पण तेव्हा एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची संघटना, बोल गेमचे आकडे सीझनमध्ये धरायची नाही. २००२ पासून धरायला लागले. म्हणजे वुडहेडच्या २,७५६ मध्ये प्लेऑफ धरलेत आणि सँडर्सच्या आकड्यात नाहीत, दोघांना एकाच तागडीत टाकलं तर सँडर्स २,८५० वर जातो. आणि सँडर्सही पाच फूट आठ इंचच बरं का.

पुढे जाऊ. वुडहेडचं करिअर रेकॉर्ड लगेच पुढच्याच सीझनला, २००८ ला मोडलं, माउंट युनियनच्या नेट किमिकनं, ८,०७४ यार्ड. तो तर डिव्हिजन थ्रीचा, आणखी एक पायरी खाली. म्हणजे नुसता आकडा बघून कोण वर टिकेल हे सांगता येत नाही, हे तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

पण मग त्या आकड्याचा उपयोग काय? माझ्या मते दोन गोष्टींसाठी तो बघायचा. एक म्हणजे सातत्य. ४४ मॅच, मॅचला सरासरी १८० यार्डांच्या आसपास, आणि हे करताना समोरच्या प्रत्येक टीमला आधीपासून ठाऊक होतं की बॉल कोणाकडे जाणार आहे, आठवडाभर त्यालाच थांबवायची तयारी करून ते यायचे. खालच्या लेव्हलला डिफेन्स स्लो असेल, मान्य, पण तिथे लाइनमनही काही एनएफएलचे नसतात, फट पण तशीच फुटकळ पडते. दुसरं म्हणजे सराव. मोठ्या कॉलेजात गेला असता तर पहिली दोन वर्षं बेंचवर, मग किक रिटर्न, म्हणजे समोरच्यांनी लाथेनं उडवलेला बॉल झेलून परत पळवणं, मग कदाचित मॅचला सहा-सात वेळा बॉल. चॅड्रनला चार वर्षांत हजारच्या वर वेळा बॉल हातात आला. फट वाचायची नजर कुठल्या पुस्तकात मिळत नाही रे, ती तेवढ्या वेळा आपटून घेतल्यावरच येते. डेटावाल्यांच्या भाषेत सॅम्पल साइज म्हण हवं तर.

आणि खालची लेव्हल म्हणजे मिळमिळीत खेळ असं धरून चालू नकोस. २००७ च्या प्लेऑफमध्ये चॅड्रननं ॲबिलीन ख्रिश्चनला हरवलं तो स्कोअर बघ, ७६-७३, तीन ओव्हरटाइम. चौथ्या क्वार्टरमध्ये चॅड्रन चांगलंच मागे होतं. समोर रनिंग बॅक होता बर्नार्ड स्कॉट, जो पुढे सिनसिनाटी बेंगल्सकडून खेळला. रिमोट फेकून मारावा अशी मॅच.

आम्ही ओहायोत असतो. मुलगा टेन्थ ग्रेडला आहे, उंची पाच-सहा, फुटबॉलचं भयंकर वेड, रनिंग बॅक खेळतो आणि चांगला खेळतो असं सगळे म्हणतात. पण कॉलेजला याला कोणी घेणार नाही असं एका कोचनं तोंडावर सांगितलं, पोरगं दोन दिवस जेवलं नाही. आमच्या घरात हा खेळ कोणी खेळलेलं नाही, त्याच्या बाबांना वाटतं सोडून दे आणि अभ्यास कर. वजन वाढवायला पावडरी घेऊ म्हणतो. डोक्याला मार लागायची मला फार भीती वाटते. काय करू? – एक आई

ताई, सगळ्यात आधी आकडा सांगतो, कडू आहे पण सांगायला हवा. अमेरिकेत हायस्कूल फुटबॉल खेळणाऱ्या शंभर पोरांमधली साधारण सातच पोरं एनसीएएच्या कुठल्याही डिव्हिजनमध्ये पोचतात, कुठल्याही म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळं धरून. त्यामुळे बाबा अभ्यासाचं म्हणतात ते चूक नाही. पण सोड म्हणतात ते मला नाही पटत. डिव्हिजन वन आणि टूला खेळायचं असेल तर हायस्कूलचे १६ कोअर कोर्स, म्हणजे ठरलेले मुख्य विषय, आणि ठराविक जीपीए, म्हणजे सरासरी गुण, लागतोच, एनसीएएकडे नाव नोंदवावं लागतं, म्हणजे ज्याला कॉलेजात खेळायचंय त्याला अभ्यास चुकतच नाही. हे पोराला कोचकडून नाही, तुमच्याकडून कळू दे. दहावीत आहे ना, काउन्सेलरला आत्ताच भेटून कोर्स बघून घ्या, बारावीत जाग आली तर उपयोग नाही.

स्कॉलरशिपचं गणित असं आहे. डिव्हिजन टूमध्ये अख्ख्या फुटबॉल टीमला मिळून ३६ पूर्ण स्कॉलरशिपएवढे पैसे देता येतात आणि ते शंभरेक पोरांत वाटले जातात, त्यामुळे बहुतेकांना थोडी थोडी मिळते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळावर एक डॉलरसुद्धा देत नाहीत, पण मार्कांवर आणि घरच्या परिस्थितीवर मदत मिळते, आणि तुमच्या ओहायोत डिव्हिजन थ्रीची तगडी कॉलेजं आहेत, वर पुण्याच्या मित्राला सांगितलं ते माउंट युनियन तुमच्याच राज्यातलं. मोठ्या युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिपशिवाय वॉक-ऑन म्हणून शिरून चार वर्षं साइडलाइनला उभं राहण्यापेक्षा मुलाला बॉल मिळेल असं कॉलेज बघा. वुडहेडनं हेच केलं, बाकी त्याच्या गोष्टीतलं काही तुमच्या हातात नाही, पण एवढं आहे.

मुलासाठी काम. धावणं त्याला येतंच, त्यावर कोणी नव्यानं भाळणार नाही. हातात बॉल झेलायला शिकू दे, रोज, वेगवेगळ्या कोनांतून. पंट (चौथ्या डाउनला मारलेली लांब किक) आणि किक रिटर्न करायची तयारी ठेवू दे, बुटक्या पोरांना पहिली संधी बहुतेक तिथेच मिळते. आणि पास ब्लॉकिंग, म्हणजे पास देणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणं, त्याबद्दल खाली लिहिलंय ते त्याला वाचून दाखवा, मराठी वाचत नसेल तर तुम्ही भाषांतर करा, कामाला येईल. पुढच्या वर्षी त्याच्या मॅचचं व्हिडिओ एडिट करून छोट्या कॉलेजांच्या कोचना तो स्वतः ईमेल करू दे, तुम्ही करू नका, आईचा ईमेल आला की कोच लोक हसतात.

पावडरी राहू द्या. या वयात अंग भरायचं ते पोटभर जेवण, झोप आणि ट्रेनरच्या देखरेखीखाली वजन उचलून. काही घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, दुकानातल्या डब्यावर काय लिहिलंय त्यावर तर अजिबात जाऊ नका.

आता डोकं. भीती योग्य आहे, ती मी घालवणार नाही. शाळेत मॅचला आणि प्रॅक्टिसलाही ॲथलेटिक ट्रेनर हजर असतो का ते विचारा. डोक्याला मार लागल्याचा संशय आला की त्या दिवशी पोराला परत खेळवायचं नाही आणि डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय नंतरही नाही, हा नियम आहे, कोचची मर्जी नव्हे. आणि मुलाकडून एक शब्द घ्या की चक्कर आली, मळमळलं, डोकं जड झालं तर तो लपवणार नाही. पोरं लपवतात हो, जागा जाईल म्हणून. ज्या दिवशी तो लपवताना सापडेल त्या दिवशी बाबांचं ऐका, माझं नको.

वुडहेडला थर्ड-डाउन बॅक म्हणायचे असं वाचलं. म्हणजे मुख्य खेळाडू नाही, बदली कामगार असं का? – रविवारची रात्र जागणारा एक वाचक, नागपूर

काका, ऐकायला तसं वाटतं खरं. तिसऱ्या डाउनला सात-आठ यार्ड बाकी असतात, सगळ्या स्टेडियमला कळतं की आता पास येणार, डिफेन्सचे लोक क्वार्टरबॅकला फोडायला धावतात. या वेळेला जो रनिंग बॅक मैदानात असतो त्याला क्षणात ठरवायचं असतं की कोण मोकळा येतोय, मग एकतर ११० किलोच्या लाइनबॅकरच्या वाटेत उभं राहायचं, नाहीतर हळूच बाहेर निसटून पास घ्यायला तयार व्हायचं. उभं राहायचं म्हणजे काय, तर वुडहेडसारख्यानं छातीला छाती लावून भागत नाही, गुडघे वाकवून त्याच्या छातीखाली शिरायचं आणि वर उचलायचं, नाहीतर सरळ पायात जायचं. मार खाण्याचंच काम आहे. चुकला तर कोट्यवधी डॉलरचा क्वार्टरबॅक स्ट्रेचरवर. असं काम टीम कोणा बदलीवाल्याला देत नाही.

२०१२ च्या फेब्रुवारीत जायंट्सविरुद्धचा सुपर बोल आठवा, पेट्रियट्स हाफटाइमच्या आधी आपल्याच रेषेजवळून ९६ यार्ड चालत आले आणि शेवटचा चार यार्डांचा पास ब्रेडीनं दिला तो वुडहेडला, टचडाउन. मॅच २१-१७ नं गेली ते सोडा. पुढे सॅन डिएगो चार्जर्सकडे गेल्यावर तर तो तिथल्या क्वार्टरबॅकचा, फिलिप रिव्हर्सचा हक्काचा माणूस झाला, २०१३ ला ७६ कॅच, २०१५ ला ८० कॅच आणि ७५५ यार्ड, त्याच वर्षी डिसेंबरात मायामीविरुद्ध एकाच मॅचमध्ये चार टचडाउन, तीन झेलून आणि एक धावून. मधे २०१४ ला पाय मोडला, २०१६ ला परत गुडघा. शेवटचं वर्ष बाल्टिमोरला काढून २०१८ ला रिटायर झाला. ड्राफ्टमध्ये नाव न आलेल्या माणसाची दहा वर्षं.

खेळाच्या सामानाच्या दुकानात त्यानं स्वतःचीच जर्सी विकायचा प्रयत्न केला आणि कोणी ओळखलंच नाही, हा किस्सा खरा का? – ठाणे

खरा आहे. पेट्रियट्समध्ये असतानाची गंमत, छुपा कॅमेरा लावून केलेली. गिऱ्हाइकांना समोरचा सेल्समन कोण आहे याचा पत्ता नाही आणि हा आपला वुडहेडची जर्सी घ्या म्हणून मागे लागलाय.

आता तो रिटायर झाला, मग हल्लीच्या काळातलं असं कोण बघू? – शारजा

ऑस्टिन एकेलर, डोळे मिटून. कोलोरॅडोच्या डोंगरातल्या गनिसन गावातलं वेस्टर्न कोलोरॅडो, हे कॉलेज चॅड्रनच्याच कॉन्फरन्समधलं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातलं, रॉकी माउंटन कॉन्फरन्स. एकेलर पाच फूट दहा, म्हणजे वुडहेडपेक्षा दोन इंच उंच, आणि ड्राफ्टमध्ये त्याचंही नाव आलं नाही. २०१७ च्या मार्चमध्ये वुडहेड चार्जर्स सोडून गेला आणि ड्राफ्ट झाल्यावर त्याच चार्जर्सनी एकेलरला घेतला, काम तेच. २०२१ ला २० टचडाउन, २०२२ ला १०७ कॅच, रनिंग बॅकनं. वुडहेड तिथे आधी येऊन गेला नसता तर असल्या कॉन्फरन्समधल्या पोराकडे त्यांनी वळून बघितलं असतं का, हा माझा आपला संशय, पुरावा मागू नका.

जुन्या क्लिप चालत असतील तर टारिक कोहेन बघा, पाच फूट सहा, नॉर्थ कॅरोलायना ए अँड टीचा, २०१८ ला शिकागोकडून पंट रिटर्नर म्हणून ऑल-प्रो, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, आला. कॉलेजात असताना कोलांटउडी मारत दोन्ही हातांत एकेक बॉल झेलतानाचा त्याचा व्हिडिओ आहे तो आधी शोधा. डॅरेन स्प्रोल्सही पाच-सहा, पण तो कॅन्सस स्टेटचा, छोटं कॉलेज म्हणता येणार नाही, तरी २०११ च्या सीझनमधले त्याचे सगळे मिळून २,६९६ यार्ड, धावून, झेलून आणि रिटर्न करून, हे एनएफएलचं रेकॉर्ड झालं होतं म्हणून यादीत घालतो. आणि एकेलरचे हायलाइट बघू नका, अख्खी मॅच बघा, बॉल दुसऱ्याकडे असतो तेव्हा हा कोणाच्या वाटेत जाऊन उभा राहतो तेवढं बघत बसा.